बाबागाडी डिकीत मावेल का?

मारुती अल्टो के-१०ची डिकी २१४ लिटरची. छत्रीसारखी मिटणारी साधी बाबागाडी घडी केल्यावर साधारण १०५ सेंटिमीटर लांब आणि २८ बाय २८ जाड भरते, म्हणजे सुमारे ८२ लिटर. कागदावर अशा दोन बसून वर डायपरची पिशवी राहायला हवी. प्रत्यक्षात एक बसवतानाच मारामार होते, कारण दोन्ही चाकांच्या फुगवट्यांमध्ये डिकी मीटरभर रुंदही नसते.

लिटरचा आकडा फसवतो तो इथेच. डिकी मोजायची रूढ जर्मन पद्धत अशी, की २० बाय १० बाय ५ सेंटिमीटरचे, बरोबर एक लिटरचे ठोकळे कोनाकोपऱ्यांत भरायचे आणि किती मावले ते मोजायचं. ठोकळा फुगवट्यामागच्या खोबणीतही जातो. बाबागाडी जात नाही. म्हणून स्विफ्ट २६५, ग्रँड आय-१० निऑस २६०, टियागो २४२, वॅगनआर ३४१ हे आकडे पिशव्या ठेवण्यापुरते उपयोगी. बाबागाडी निवडताना ते बाजूला ठेवा आणि टेप काढा.

आपल्याकडच्या डिक्या आखूड का, याचं उत्तर करात आहे. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, पेट्रोलला १२०० आणि डिझेलला १५०० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या मोटारींवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. तेव्हापासून चार मीटरची ती रेघ कायम आहे. मागच्या सीटवर गुडघ्यांना जागा दाखवल्याशिवाय मोटार खपत नाही, त्यामुळे जे काही कापायचं ते डिकीच्या खोलीतून कापलं जातं. रुंदी आणि उंची बरी, खोली कमी, अशी आपल्या हॅचबॅकची ठेवण आहे. बाबागाडी याच ठेवणीला साजेशी हवी.

मोजायच्या गोष्टी पाच. फुगवट्यांमधली रुंदी. तळाशी सीटच्या पाठीपासून दारापर्यंतची खोली. तळापासून ३० सेंटिमीटर वरची खोली, कारण दार आतल्या बाजूला कलतं आणि वर चार-आठ सेंटिमीटर सहज जातात. पार्सल ट्रेच्या, म्हणजे डिकीवरच्या आडव्या झाकणाच्या, खालची उंची. आणि डिकीच्या तोंडाची रुंदी, कारण काही मोटारींत आत जागा असते, पण दिव्यांच्या बाजूने तोंड निमुळतं होतं आणि सामान तिथेच अडतं. सहावं माप वस्तूचं नाही, आपल्या कमरेचं: डिकीचा उंबरा जमिनीपासून किती उंच आहे. सात किलोची गाडी गुडघ्याएवढ्या उंबऱ्यावरून टाकणं सोपं. तीच मांडीपर्यंत उचलून मग आत खोल उतरवायची असेल तर सिझेरियननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत आईने ते करायचंच नाही.

दार बंद असताना आतली खोली टेपने मोजता येत नाही, हा खरा अडथळा. त्यावर दोन उपाय. एक, मनात असलेल्या मॉडेलच्या घडीच्या मापाचा खोका जुन्या पुठ्ठ्याचा बनवा, चिकटपट्टीने जोडा आणि डिकीत ठेवून दार हळूच लावा. दोन, किती फट उरते हे बघायला खोक्याच्या वरच्या कडेवर कणकेचा गोळा ठेवा, वर प्लॅस्टिकचा तुकडा घाला आणि दार लावून उघडा. गोळा जेवढा जाड उरला तेवढी फट. दोन सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ती गाडी नको. सामान भरल्यावर ती थोडी सरकणार, आणि घाईत दार आपटलं की हँडल मागच्या काचेला लागणार.

"तिरकी ठेवली की बसेल" हे दुकानात हमखास ऐकायला मिळतं. हिशेब करून बघा. डिकी १०० रुंद आणि ५० खोल असेल तर कर्ण ११२ येतो, आणि १०५ची गाडी बसेल असं वाटतं. पण कर्ण हा रेषेचा, गाडीला जाडी आहे. २५ सेंटिमीटर जाडीची वस्तू तिरकी केली की तिचे कोपरे आधी अडतात. सरळ ठेवली तर १०० लांबीची बसते, १५ अंश वळवली तर ९७च्याही आतलीच. म्हणजे तिरकं ठेवून काही मिळत नाही, उलट जातं. लांब घडीसाठी मागची सीट पाडावी लागते, आणि अनेक स्वस्त मॉडेलांत मागची पाठ अखंड पडते, ६०:४० अशी दोन भागांत नाही. मूल मागे बसलंय म्हटल्यावर तो मार्ग बंद.

आता घड्यांचे प्रकार. दुकानात नुसती "बाबागाडी" मागितली तर कधी कधी वॉकर पुढे येतो, म्हणून स्ट्रोलर म्हणा आणि लगेच घडी कशी होते ते विचारा.

छत्री घडी ओवेन मॅक्लारेन यांची. हे निवृत्त विमान अभियंता, स्पिटफायर लढाऊ विमानाच्या चाकांच्या रचनेवर काम केलेले. १९६५ साली त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, दोन दिशांनी मिटणारी हलकी गाडी पेटंटसाठी दाखल केली. घडी बारीक होते, पण लांबी कायम राहते. बस-रेल्वेने फिरणाऱ्याला ती उत्तम, खांद्याला अडकवून जिना चढता येतो. छोट्या डिकीसाठी मात्र हा प्रकार आम्ही बाद करतो. दोन-चार हजारांत मिळते म्हणून लोक घेतात आणि मग ती पुढच्या सीटवर बेल्ट लावून फिरते.

पुस्तक घडी म्हणजे मधून दुमडणारी, मोठ्या टोपाची, खाली प्रशस्त टोपली असलेली गाडी. बाळाला सगळ्यात सुखाची हीच: पाठ जवळजवळ सपाट होते, चाकं मोठी, हँडल उलटं फिरवून बाळाचं तोंड आपल्याकडे करता येतं. घडी ८० बाय ५५ बाय ३५च्या आसपास, दीडशे लिटर, आणि वजन बऱ्याचदा नऊ किलोच्या पुढे. हॅचबॅकच्या डिकीत बसलीच तर एकटी बसते. वॅगनआरसारख्या उंच मोटारीत पार्सल ट्रे काढून ती उभी ठेवता येते. पुढची चाकं बटण दाबून निघत असतील तर जाडीत पाच-सात सेंटिमीटर वाचतात, पण दर वेळी चाकं काढणं-लावणं दोन आठवड्यांच्या वर कोणी करत नाही. फिरत्या हँडलची गाडी असेल तर हँडल कोणत्या बाजूला असताना घडी होते ते तपासा. काही मॉडेलं एकाच बाजूला असताना नीट मिटतात, नाहीतर घडी फुगते.

तिहेरी घडी हा छोट्या मोटारीचा खरा सोबती. हँडल आत सरकतं, पाठ पुढे पडते, पाय खाली दुमडतात आणि विमानात नेण्याच्या बॅगेएवढा चौकोन हाती येतो. या प्रकाराला वळण लावलं ते फ्रान्सच्या बेबीझेन योयोने: घडी ५२ बाय ४४ बाय १८ सेंटिमीटर, म्हणजे ४१ लिटर, वजन सहा-साडेसहा किलो. ती आपल्याकडे महाग पडते, पण तिच्याच धाटणीच्या गाड्या आर फॉर रॅबिट, लव्हलॅप, आणि पुण्याच्या फर्स्टक्रायचा स्वतःचा ब्रँड बेबीहग अशा नावांनी बऱ्याच कमी किमतीत मिळतात. त्यांची घडी साधारण ५५ बाय ४५ बाय २२ ते २७ भरते. फरक जाडीतच पडतो, आणि छोट्या डिकीत तोच मोलाचा. २२ची गाडी पार्सल ट्रेखाली आडवी सरकते आणि तिच्यावर भाजीची पिशवी राहते. २७ची उभी करावी लागते.

याहून लहान हवी तर जीबी पॉकिट. २०१४ मध्ये जगातली सगळ्यात लहान घडीची गाडी म्हणून तिची गिनीज नोंद झाली: ३० बाय १८ बाय ३५ सेंटिमीटर, १९ लिटर. पुढच्या सीटखालच्या पायाच्या जागेतही जाते. पण मूळ मॉडेलची पाठ मागे होत नाही, म्हणून सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी ती नाही. झोपलेल्या मुलाची मान एका बाजूला लोंबते, हेही त्यातच आलं.

पाठीचा कोन ही तडजोड करण्याची गोष्ट नाही. युरोपच्या ईएन १८८८ मानकाप्रमाणे सहा महिन्यांखालच्या बाळासाठी बैठक आणि पाठ यांच्यामधला कोन किमान १५० अंश हवा. मान धरत नसलेलं बाळ उभट बैठकीत ठेवलं की हनुवटी छातीवर पडते आणि श्वास अडतो. खोक्यावर "जन्मापासून" लिहिलेलं असलं तरी पाठ पूर्ण मागे करून बाजूने फोटो काढा आणि मोबाइलवर कोन मोजा. स्वस्त तिहेरी घडीत पाठ पट्टी आणि क्लिपने खाली सोडतात. यात सोय अशी की कोन हवा तेवढा ठेवता येतो. दोष असा की वर्षभरात क्लिप घसरायला लागते आणि बाळ हळूहळू आडवं होत जातं. ती ओढून बघा: दहा किलोच्या आट्याची पिशवी बैठकीत ठेवून पाठीवर रेटा दिला तर क्लिप सरकता कामा नये.

सीएनजी असेल तर गणित वेगळं. कंपनीने बसवलेला असो की बाहेरून, नेहमीचा सिलिंडर सीटच्या पाठीला लागून आडवा बसतो. वॅगनआरच्या ६० लिटरच्या टाकीनंतर दारापर्यंत जी पट्टी उरते तिच्यात पुस्तक घडी विसराच. २० सेंटिमीटरच्या आतली तिहेरी घडी टाकी आणि दार यांच्यामध्ये उभी ठेवणे, एवढाच पर्याय राहतो, आणि कणकेच्या गोळ्याची चाचणी इथेच सगळ्यात जास्त कामी येते. टाकीवर गाडी आडवी टाकायची लोकांना सवय असते, ती टाळा. वळणावर ती घसरून व्हॉल्व्ह आणि नळीच्या बाजूला आदळते, आणि फ्रेमच्या टोकांनी टाकीवर ओरखडे पडतात. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, असते. खोल ओरखडा किंवा पोचा तिथे महागात पडू शकतो. मध्ये जुन्या गोधडीचा तुकडा घाला, गाडी लवचीक दोरीने बांधा आणि व्हॉल्व्हची बाजू मोकळी ठेवा.

टाटांनी २०२३ मध्ये अल्ट्रोझपासून दोन छोटे सिलिंडर डिकीच्या तळाखाली घालायला सुरुवात केली. अल्ट्रोझच्या ३४५ लिटरचे २१० झाले, म्हणजे कागदावर अल्टोपेक्षाही कमी. तरी बाबागाडीसाठी ते २१० बरे, कारण तळ सपाट आणि रुंदी पूर्ण मिळते. गेलेली जागा उंचीतली आहे. तिहेरी घडी आडवी ठेवणाऱ्याला तिची फारशी गरज नसते.

डिकी भरलेलीच असेल तर तिहेरी घडीला आणखी एक जागा आहे: पुढच्या डाव्या सीटच्या मागे, पायाशी. सीट थोडी मागे घेऊन घडी दोन सीटमध्ये घट्ट बसवायची. मागच्या सीटवर मोकळी मात्र ठेवू नका. करकचून ब्रेक लागला की सहा किलोची धातूची वस्तू पुढच्याच्या डोक्याकडे जाते. आणि बाबागाडीची बैठक ही मोटारीतली बाळाची सीट नव्हे, हे कितीही उघड वाटलं तरी सांगावं लागतं. २०१९च्या मोटार वाहन दुरुस्तीतल्या कलम १९४ बप्रमाणे १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा बाळाच्या सीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड आहे. दंडाचं सोडा; मांडीवरचं बाळ धडकेत हाताने धरून राहत नाही. बाळाची सीट आधी घ्या, ती मोटारीत बसवा, पुढची सीट मागे-पुढे करून बघा, आणि मग उरलेल्या जागेत बाबागाडी शोधा. हा क्रम उलटा झाला की दोन्हीपैकी एक वस्तू माळ्यावर जाते.

लहान घडीची किंमत चाकांत मोजावी लागते. तिहेरी घडीची चाकं १२ ते १५ सेंटिमीटर व्यासाची, फोमची, आत हवा नसलेली. मॉलच्या फरशीवर ती लोण्यासारखी फिरतात. उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर, गटाराच्या जाळीवर, गतिरोधकावर अडतात. १४ सेंटिमीटरच्या चाकाची त्रिज्या सात, आणि दोन-तीन सेंटिमीटरच्या पायरीला समोरून ढकललं तरी बाळाला झटका बसतो. पदपथ रस्त्यापासून १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावा, असं इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका म्हणते. आपल्या गल्लीतल्या पदपथाने ती वाचलेली नाही. तेव्हा चढताना मागच्या दांड्यावर पाय दाबून पुढची चाकं उचला. हँडल खाली दाबून उचलू नका, कारण सरकत्या हँडलचा सांधा त्यानेच सैल होतो. उतरताना गाडी उलटी फिरवून मागची चाकं आधी. खडबडीत जागी पुढची चाकं लॉक करून सरळ ठेवा, नाहीतर ती थरथरतात आणि गाडी बाजूला ओढते. रोजची फेरी सोसायटीबाहेर उखडलेल्या रस्त्यावरची असेल आणि मोटार महिन्यातून दोनदाच निघत असेल, तर आमचं मत स्पष्ट आहे: मोठ्या चाकांची गाडी घ्या आणि त्या दोन दिवसांसाठी बाळ झोळीत किंवा कॅरिअरमध्ये न्या.

दुकानात दहा मिनिटं अशी घालवा. नमुन्याची गाडी स्वतः पाच वेळा मिटवा आणि उघडा, त्यातल्या दोन वेळा एका हाताने, दुसऱ्या काखेत पिशवी धरून. मिटल्यावर आपोआप लागणारी कडी आहे का बघा. नसेल तर डिकीतून काढताना गाडी हातात उघडते. उघडताना शेवटचा खटका ऐकू आला पाहिजे. पुढचा आडवा दांडा काढल्याशिवाय घडी होते का ते विचारा, कारण खोक्यावरचं माप पुष्कळदा दांडा, कपधारक आणि टोपी काढून घेतलेलं असतं. चाकांसकट मिटलेल्या गाडीला स्वतःची टेप लावा. मागचा ब्रेक एका पायाने लागून दोन्ही चाकं अडतात का, हे पार्किंगच्या उतारावर तपासा. पट्टे पाच जागी बांधणारे हवेत: दोन खांदे, दोन कंबर, एक मांड्यांमधला. शेवटी विक्रेत्याला म्हणा, गाडी खाली मोटारीपर्यंत येऊ दे. जो कुरकुरतो त्याच्याकडे वस्तू परत घेण्याबद्दल आधी लेखी घ्या. ऑनलाइन मागवलीत तर पुठ्ठ्याचा खोका नाही, खरी गाडी डिकीत बसवून पाहीपर्यंत चाकं रस्त्याला टेकवू नका. मळलेली चाकं दिसली की परत घेण्यावरून वाद सुरू होतो.

सांध्यांकडे नीट बघा. २००९च्या नोव्हेंबरमध्ये मॅक्लारेनने अमेरिकेत सुमारे दहा लाख गाड्या परत बोलावल्या, कारण उघडताना बिजागरीत सापडून मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या १२ घटना नोंदल्या गेल्या होत्या. तिहेरी घडीत सांधे त्याहून जास्त. त्यांवर कापडाचं किंवा प्लॅस्टिकचं आवरण हवं, आणि मिटवताना-उघडताना मूल हाताच्या अंतराबाहेर.

नंतर बिघडतं ते असं. हँडलला पिशव्या टांगल्या की मूल उतरवताच गाडी मागे कोलमडते. हलकी गाडी लवकर. खालच्या टोपलीची मर्यादा बहुधा दोन-तीन किलो, पाण्याच्या दोन बाटल्या आणि कपडे एवढीच. पुढच्या चाकांच्या अक्षात केस आणि धागे गुंडाळले जातात आणि चाक फिरेनासं होतं. चाक काढून कात्रीने साफ करा. कुरकुरणाऱ्या सांध्याला खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालू नका. त्यावर धूळ बसून घासण तयार होते. सिलिकॉनचा फवारा वापरा. समुद्राकाठी, मुंबईपासून पणजीपर्यंत, पोलादी फ्रेमला पहिल्या पावसाळ्यातच स्क्रूपाशी गंज दिसतो. तिथे ॲल्युमिनियमचे हजार-दीड हजार जास्त द्या. आणि उन्हात गाडीवर दुपट्टा टाकून झाकू नका. आत हवा कोंडते आणि काही मिनिटांत बाहेरच्यापेक्षा गरम होतं, जाळी चालेल.

विमानाचं एक. "केबिनमध्ये चालते" हे लेबल ५६ बाय ४५ बाय २५च्या आंतरराष्ट्रीय मापावर लावलेलं असतं. इंडिगोची केबिन बॅग ५५ बाय ३५ बाय २५ आणि सात किलो. ४४ रुंदीची घडी त्यात बसत नाही, तेव्हा विमानाच्या दारात ती द्यावी लागेल असं धरून तिच्यासाठी पिशवी घ्या.

निवड करायची तर अशी. अल्टो, एस-प्रेसो, टियागो, क्विड: २२च्या आत जाडीची तिहेरी घडी, दुसरं काही नाही. स्विफ्ट, निऑस: २७पर्यंत चालेल. वॅगनआर, सेलेरिओ, पंच पेट्रोल: छोटी पुस्तक घडी उभी बसू शकते, पण टेप लावूनच. सिलिंडर डिकीत असेल तर मोटार कोणतीही असो, वीसच्या आत.

पावसाळ्यात चाकांना जुन्या शॉवर कॅप घाला, चार पुरतात. डिकीचा गालिचा एकदा चिखलाने कुजला की तो वास पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जात नाही.